सकाळी सातचा नंबर

हार्ट अटॅक येऊन गेल्यानंतर चार महिने मी न्हाणीघराला आतून कडी लावली नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, पण पंधरा दिवसांपुरतं. पुढची मुदतवाढ माझी मीच मंजूर केली. दार नुसतं लोटलेलं असायचं, बाहेर बायको भाजी निवडत बसायची आणि दर दोन मिनिटांनी विचारायची, "आहो?" मी आतून म्हणायचो, "हाय." परत, "आहो?" परत, "हाय." एका माणसाच्या आंघोळीसाठी एवढा बंदोबस्त निजामाच्या काळात एखाद्या सुभेदारालाच मिळत असेल.

मी रेल्वेत स्टेशन मास्तर होतो. उमेदीची वर्षं लहानसहान स्टेशनांवर गेली. तिथे दोन गाड्यांच्या मध्ये इतका वेळ असायचा की चरित्रं, कादंबऱ्या, इतिहास, जे हाती लागेल ते वाचून व्हायचं. वाचनानं माणूस शहाणा होतो असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. संशयी मात्र होतो. शेवटची नोकरी पूर्णा जंक्शनला झाली, तिथेच घर बांधलं. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, बाजारातून दोन किलो वांगी घेऊन येताना, त्याच स्टेशनच्या पादचारी पुलावर बाविसाव्या पायरीवर मी खाली बसलो. बसलो म्हणजे बसवला गेलो. पायऱ्या मोजायची सवय नोकरीतली, त्यामुळे आकडा पक्का आहे. वांगी खाली बाजाराच्या रस्त्यापर्यंत घरंगळत गेली, असं नंतर कळलं.

नांदेडला नेलं, स्टेंट म्हणतात त्या दोन जाळ्या बसवल्या. हृदय दुरुस्त झालं. दोन महिन्यांनी फिरत्या पट्ट्यावर चालवून बघितलं आणि डॉक्टर म्हणाले, "जिने चढा, बाजारात जा, काही हरकत नाही." हरकत माझीच होती. घरात मला एकटं राहता येईना. बायको कोपऱ्यावरून दूध आणायला गेली तरी मी फाटकाशी उभा. ती शेजारणीकडे टेकली की मला छातीत काहीतरी वाटायचं, आणि ती आली की ते जायचं. असा आजार कुठल्या मशीनवर दिसत नाही.

तिचं माहेर चुडावा, म्हणजे पूर्णेच्या पुढचं स्टेशन. एका स्टेशनाचं अंतर. चार महिन्यांत ती एकदाही गेली नव्हती. भावाचा फोन आला की म्हणायची, "यांची तब्येत सुधरू द्या, मग येते." मी समोर पेपर धरून बसलेलो असायचो. तब्येत सुधारली होती हे तिला माहीत होतं, मलाही. मी पेपरचं पान उलटायचो.

भेटायला येणाऱ्यांनी हा आजार नीट खतपाणी घालून वाढवला. आमच्याकडे दवाखान्यातून आलेल्या माणसाला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत. शहाळं नेतात, बिस्किटांचा पुडा नेतात आणि एक मेलेला माणूस नेतात. "आमचे साडू. तुमच्यावानीच. एकदम ठणठणीत. चहा मागितला, चहा आणस्तोर गेले." हे सांगून पाहुणा आमचा चहा पिऊन जायचा.

शेवटी पुण्याच्या मुलीनं मला एका ऑनलाइन गटात घातलं. परभणीच्या एका तरुण समुपदेशक बाईंनी हृदयरुग्णांसाठी तो चालवलेला होता. दर बुधवारी चार वाजता फोन उभा करून बसायचं आणि मन मोकळं करायचं. मी मुलीला म्हटलं, "मन मोकळं करायला आधी त्यात काही भरलेलं असावं लागतं." ती म्हणाली, "बाबा, लिंक पाठवलीय."

पहिल्याच बुधवारी उद्घाटन झालं. गटात एक माजी सभापती होते, पंचायत समितीचे. त्यांनाही जाळ्या बसवलेल्या, माझ्याहून एक जास्त, आणि ते हे ज्या प्रकारे सांगत त्यावरून ती सरकारनं दिलेली पदवी वाटावी. त्यांनी मागे मोठी समई ठेवली होती. ती पेटवून त्यांनी "व्यासपीठावरील मान्यवर" अशी सुरुवात केली. व्यासपीठ नव्हतं. आठ चौकोन होते, त्यातल्या एकात कुणाचा तरी छताचा पंखा दिसत होता. प्रास्ताविक झालं. मग समुपदेशक बाईंचा सत्कार. सभापतींनी शाल कॅमेऱ्यासमोर उलगडून धरली, त्यामुळे काही वेळ आम्हाला शालीशिवाय काही दिसेना. बाई बिचाऱ्या परभणीत बसून खांदे किंचित पुढे करत होत्या. पुढच्या आठवड्यात सर्वांना रंगीत प्रमाणपत्रं आली, "हृदयवीर" म्हणून. माझ्या प्रमाणपत्रावर मुलीच्या लग्नातला फेटा बांधलेला फोटो होता. बायकोनं ते बघितलं आणि म्हणाली, "वीराला आंघोळीला पाणी काढलंय."

गटाचं काम असं चालायचं. बाई प्रत्येकाला नम्रपणे विचारायच्या, "कसं वाटतंय या आठवड्यात?" येलदरीचा एक गृहस्थ होता, धरणात मासेमारी करणारा, तो म्हणायचा, "बरं हाय." सभापती म्हणायचे, "उत्तम, अतिउत्तम." मी काहीतरी खोचक बोलायचो, लोक हसायचे आणि माझी पाळी निघून जायची. असे सहा बुधवार गेले. सगळे बरे असलेले लोक दर आठवड्याला जमून आपण बरे आहोत असं एकमेकांना कळवत होते.

सातव्या बुधवारी आक्का बोलल्या. आक्का पूर्णेच्याच, पण रुळांच्या पलीकडच्या, बाजाराच्या अंगाला. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, किराण्याचं लहान दुकान. यजमान गेलेले, मुलगा नोकरीला लांब. दुकानाच्या मागच्या खोलीत एकट्या राहायच्या. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं हाय. फक्त मी शटरला आतून कडी लावंना झाले."

"का बरं?" बाईंनी विचारलं.

"उद्या मी उठलेच न्हाई तर लोकायला शटर तोडावं लागंल. नवं हाय ते. औंदाच बसिवलं."

कोणी हसलं नाही. मला एक बरंच चांगलं वाक्य सुचलं होतं, ते मी बोललो नाही. त्याऐवजी माझ्या तोंडून गेलं, "मी बाथरूमला कडी लावत नाही." स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबल्याचं मला ऐकू आलं.

मग सभापती म्हणाले, आणि या वेळी अध्यक्षमहोदय वगैरे काही नव्हतं, "मला चार लोकांपुढं उभं राहून बोलता येईना गेलंय. माईक हातात घेतला की हात कापायलाय. म्हणून इथं सराव करायलोय." समईकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेनं बघू लागलो. प्रमाणपत्राबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

बाईंनी विचारलं, "काय केलं तर सोपं होईल?"

"कुनीतरी सकाळी इचारावं," आक्का म्हणाल्या. "पर खरं इचारावं. फुलाचे फोटू न्हाई पाठवायचे."

इथे माझी नोकरी कामाला आली. मी सांगितलं की गाडी सोडण्याआधी मास्तर पुढच्या स्टेशनला फोन करून विचारतो, लाइन मोकळी आहे का. पुढचा मास्तर लाइन क्लिअर देतो, पण नुसतं 'हो' म्हणून चालत नाही. त्याच्यासोबत दोन आकडी नंबर द्यावा लागतो, त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. छापील कागदावर नंबर असतात, काही क्रम नसलेले. दिलेला नंबर खोडायचा. कारण 'हो' तर माणूस झोपेतही म्हणतो. नंबर द्यायला त्याला जागं व्हावं लागतं, चष्मा शोधावा लागतो, कागद बघावा लागतो.

"म्हणजे 'बरं हाय' चालनार न्हाई," येलदरीकर म्हणाला.

"नाही."

तसं ठरलं. रोज सकाळी सात वाजता येलदरीपासून सुरुवात. प्रत्येकानं आपल्या आधीच्याला फोन करायचा, नंबर घ्यायचा, गटावर टाकायचा. मी साखळीच्या शेवटी, माझ्या आधी आक्का; माझा नंबर येलदरीकर घेणार. नियमावली अर्थातच मी लिहिली, सुवाच्य अक्षरात, फोटो काढून पाठवली. त्यात कलम चार असं होतं: पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं तीन वेळा फोन करूनही नंबर मिळाला नाही, तर जवळ राहणाऱ्या सदस्यानं स्वतः जाऊन बघावं. नियम लिहिताना जो जाणारा असतो तो नेहमी दुसरा कोणीतरी असतो. रेल्वेतही असंच लिहितात.

पहिल्या आठवड्यातच माणसं कळायला लागली. सभापती अकरा, एकवीस, एक्कावन्न असेच नंबर द्यायचे, आणि एकदा एकशे एक दिला. दोन आकड्यांचा नियम सांगितला तर म्हणाले, "शुभ असतो." येलदरीकर धरणात पाणी किती टक्के आहे तेच सांगायचा. पाऊस ओढ धरून बसला तेव्हा तीन दिवस एकच नंबर आला. मी हरकत घेतली. तो म्हणाला, "पानी चढंना तर मी काय करू मास्तर? तुमी वरून सोडा." आक्का मात्र विचार करून नंबर द्यायच्या, जणू तोलून देतायत. मी आमच्या न्हाणीघराच्या बाहेरही ही पद्धत लावून पाहिली. बायकोनं दोन दिवस ऐकलं आणि मग म्हणाली, "तुमी आपलं हायच म्हना. मला आकडे लक्षात न्हाई ऱ्हात."

श्रावणात तिच्या भावाच्या सुनेचं डोहाळजेवण निघालं, पहिल्याच सोमवारी. आदल्या आठवड्यात भाऊ स्वतः येऊन सांगून गेला. तो गेल्यावर तिनं कपाटातून एक हिरवी साडी काढली, बघितली, परत ठेवली. ते परत ठेवणं मला सहन झालं नाही.

"जा की," मी म्हटलं.

"आन तुमी?"

"मी आहे. साखळी आहे. सकाळी नंबर होतो माझा."

"संध्याकाळच्या गाडीनं येते. मुक्काम न्हाई करत."

मुक्काम कर, असं मला म्हणायचं होतं. डोहाळजेवणाची खरी मजा जेवणं उरकल्यावर बायका बसतात तेव्हा असते, हे तिनेच मला किती वर्षं सांगितलेलं. पण ते वाक्य निघालं नाही. सोमवारी सकाळी ती सहाच्या सुमाराला निघाली. शेजारणीला सांगून गेली, मला तीन वेळा सांगून गेली, फाटकातून परत येऊन गोळ्यांची डबी टेबलावर पुढे सरकवून गेली. मी खुर्चीत बसलो. घर एवढं मोठं आहे हे मला ठाऊक नव्हतं. घड्याळाचा आवाज येत होता. मी नाडी मोजली, ठीक होती. परत मोजली.

सात वाजता गटावर नंबर येऊ लागले. धरण थोडं वाढलं होतं. सभापती एकवीसवर होते. मी आक्कांना फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

पाच मिनिटांनी परत. नाही.

आणखी पाच मिनिटांनी. नाही.

गटावर सभापतींचा मजकूर आला: "मास्तर, कलम चार." हा माणूस नियमावली वाचतो हे मला पहिल्यांदाच कळलं.

आक्कांच्या शेजारच्या दुकानदाराचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. तो रकाना मी नियमावलीत ठेवलाच नव्हता. रिक्षानं जायचं तर रेल्वे फाटकावरून मोठा वळसा, आणि त्या वेळेला मालगाडीसाठी फाटक बंद असतं हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? बंद तर मीच इतकी वर्षं करायला लावलं. उरला तो पूल. पाय चपलेत घातले, गोळ्यांची डबी खिशात टाकली. कुलूप लावायचं राहिलं, ते पुलावर चढल्यावर आठवलं. आमच्या बाजूच्या पायऱ्या चढताना मी मोजल्या नाहीत. डोक्यात एकच होतं, त्या नव्या शटरला कडी नाही.

पलीकडे उतरलो, गल्लीत वळलो. शटर पूर्ण खाली होतं. खाली वाकून हात घातला आणि उचललं, ते सहज वर गेलं. त्या सहजपणानं मला घाम फुटला. आत गूळ आणि हिंगाचा वास. काउंटरवर तराजूच्या पारड्यात फोन ठेवलेला होता, माझे तीन चुकलेले फोन दाखवत. मी हाक मारली, "आक्का?" उत्तर नाही.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आक्का पाटावर ताठ बसलेल्या होत्या, पाठ माझ्याकडे. डावा तळहात छातीसमोर धरलेला, त्यावर इष्टलिंग, आणि उजव्या हातानं त्या एकेक बेलपान वाहत होत्या. बाजूला बेलाचा हा ढीग. चाहूल लागून त्यांनी मान वळवली. मला बघून डोळे मोठे झाले. पूजेत बोलता येत नाही. त्यांनी उजव्या हाताचं एक बोट उचलून साखरेच्या पोत्याकडे केलं आणि परत पाठ फिरवली.

मी पोत्यावर बसलो. आज श्रावणातला सोमवार. रोजची पूजा त्या सहाला उरकतात, पण या दिवशी लिंगायतांच्या घरात ती किती वेळ चालते हे या गावात जन्म काढलेल्या कोणालाही माहीत आहे. नियमावली लिहिणाऱ्याला, ती मंजूर करणाऱ्या सभापतींना, आणि स्वतः आक्कांना, सातची वेळ ठरवताना एकालाही श्रावण आठवला नव्हता.

खिशात फोन थरथरला. सभापती. "काय खबर?" आवाज कापत होता, आणि समोर माईक नव्हता.

"पूजा चालू आहे," मी कुजबुजलो.

"कुणाची?"

"आक्कांची. म्हणजे आक्का करतायत."

मग ते म्हणाले, "मी सगळ्यांना कळवतो," आणि पुढे भाषण आलं नाही.

पूजा संपायला बराच वेळ लागला. बसल्या बसल्या मला एक गोष्ट उशिरा लक्षात आली. मी नाडी मोजली नव्हती. लिंग परत गळ्यात घालून आक्का उठल्या, माझ्या हातावर खडीसाखर ठेवली आणि मग ऐकवायला सुरुवात केली.

"श्रावण सोमवार हाय. क्यालेंडर न्हाई का तुमच्या घरात?"

"आहे. पण नियमावली—"

"घाला चुलीत नियमावली. सोमवारी आठ करा. किती घाबरले असतील मानसं! तोंड बघा तुमचं, पांढरंफटक. पानी प्या."

पाणी प्यालो. "नंबर द्या आधी," मी म्हटलं.

त्या हसल्या, पहिल्यांदाच, कारण ऑनलाइन मी त्यांना कधी हसताना बघितलं नव्हतं. "घ्या. सत्त्याहत्तर." मग विचारलं, "आलात कसे? फाटक तर बंद असंल."

"पुलावरून."

"लय पायऱ्या हायत त्याला," त्या म्हणाल्या आणि शटर पूर्ण वर केलं. गिऱ्हाईक येऊन उभं होतं.

अटॅक कुठे आला हे मी गटात कधी सांगितलं नव्हतं. "चालताना" एवढंच म्हणालो होतो. पायरी कितवी, हे तर फक्त बायकोला ठाऊक होतं. आक्कांनी रिक्षा बोलवू का विचारलं, मी नको म्हटलं. आणि पुलाच्या बाजाराकडच्या पायऱ्यांशी आल्यावर कळलं की येताना इथून उतरलो होतो, आता चढायचं आहे. वांगी ज्या पायऱ्यांवरून घरंगळली, त्याच या. मघाशी धावपळ होती. आता काही नव्हतं, कोणी संकटात नव्हतं, मागे कलम नव्हतं.

चढायला लागलो. या वेळी मोजलं. लोक बाजूनं जात होते, एका बाईच्या डोक्यावर कोथिंबिरीचं गाठोडं होतं, तिचा वास मागे राहत होता. अठरा, एकोणीस. खाली मालगाडी उभी होती, सिग्नलची वाट बघत. कठड्याला हात लावला. वीस, एकवीस. बाविसाव्या पायरीवर पानाची एक पिंक होती आणि बाकी काही नव्हतं. इतके महिने मी तिथे काय असेल असं समजत होतो कोण जाणे. मी पुढे गेलो.

थोडं वर फोन वाजला. बायको.

"कुठं हायत? शेजारीन म्हनायली घर सताड उघडं, आन मानूस न्हाई!" मागे चुडाव्यात भांड्यांचा आणि बायकांचा कल्ला.

"पुलावर आहे."

कल्ला मागे पडला, ती बाजूला आली असावी. मग हळू आवाजात, "कोन हाय सोबत?"

"कोणी नाही. आक्कांकडे गेलो होतो. त्या बऱ्या आहेत, पूजा करत होत्या. ऐक, आज तू तिथेच राहा."

"उगं म्हनायलात."

"नाही. राहा."

"राहा काय, कुनीबी म्हनतंय," ती म्हणाली. "नंबर सांगा."

तिला आकडे लक्षात राहत नाहीत, असं तीच म्हणाली होती. मी पायाखाली बघितलं. "एकोणतीस."

बावीस मात्र तिच्या लक्षात होता. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "बरं. ऱ्हाते मग. दुधाला उकळी द्या, न्हाईतर नासंल. आन सकाळी सातला मी लावनार फोन, तुमी आक्काला लावायच्या आधी."

उरलेल्या पायऱ्या चढून, पलीकडे उतरून घरी आलो. शेजारीण दारात राखण करत बसली होती. तिला पाठवलं, दूध उकळलं. आंघोळ राहिलीच होती. पाणी काढलं, आत गेलो, दार लोटलं. कडी चार महिन्यांत जाम झाली होती. तळहातानं दोनदा ठोकली तेव्हा बसली.